८४ ला अडलेलं घोडं

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज परत माती खाल्ली. म्हणजे बिस्किटं खाल्ली, अख्खा पुडा, ओट्यापाशी उभं राहून, दिवा न लावता. दिवा का नाही लावला ते मला पक्कं माहितीये, दिवा लावला असता तर ते 'खाणं' झालं असतं, अंधारात उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं कुठे कोण मोजतं. पहिली दोन चवीने खाल्ली, तिसरं पण बरं लागलं, चौथ्यानंतर चव गेलीच होती, नुसता एक हात पुड्यात आणि पुडा वाजू नये म्हणून दुसऱ्या हाताने तो दाबून धरलेला. ४३ वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशाने आणलेली बिस्किटं चोरून खातोय. शेवटचा चुरा पण तळहातावर ओतून घेतला. मग रिकाम्या पुड्याच्या चार घड्या घालून तो कचऱ्याच्या डब्यात पार खाली सरकवला, वर दिसू नये असा.

आणि गंमत म्हणजे आजचा दिवस वाईट नव्हताच! उलट मस्त होता. सकाळी काट्यावर ८४.२, जानेवारीत ९६.८ होतो. दुपारी ऑफिसात एक जण म्हणाला, अरे किती बारीक झालास, मागून ओळखलंच नाही. संध्याकाळपर्यंत मी हवेत. एरवी खाल्लं की कारणं तयार असतात, दमलो होतो, बॉस बोलला, झोप झाली नव्हती, डोकं उठलं होतं. आज त्यातलं एकही लागू पडत नाही. चांगला दिवस गेला आणि मी तो रात्री स्वतःच्या हाताने बुडवला. हे लिहून ठेवतोय कारण नेहमी असल्या दिवशी वही उघडतच नाही.

बुधवार

८५.५.

आमच्या बाथरूममध्ये कोपऱ्यातली एक फरशी आहे, तिच्यावर काटा ठेवला की ३०० ग्रॅम कमी दाखवतो. हा शोध माझा. आज तिथेही ठेवून पाहिला. घड्याळ काढलं, चष्मा काढला, श्वास सोडून उभा राहिलो, मग चष्म्याशिवाय आकडा दिसेना म्हणून परत घातला. ८५.२. रडवेला झालो होतो अगदी.

नंतर चालायला गेलो तेव्हा डोक्यात हिशोब केला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका रात्रीत खरोखर १.३ किलो चढवायचं तर रोजच्या जेवणावर १०,००० कॅलरी जास्त खायला हव्यात. एवढी बिस्किटं घरात काय, डोक्यावरून आणली तरी एका बसणीत (माझ्या बाबतीत उभणीत) संपणार नाहीत. मग हे वाढलं काय? बरंचसं पाणी. आपण पिष्ट आणि साखर खाल्ली की शरीर त्यातली काही ग्लायकोजेन म्हणून लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट खाल्लं की अजून पाणी. शिवाय खाल्लेलं अजून पोटातच आहे त्याचं वजन वेगळं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो धपकन उतरतात आणि आपण नाचतो, त्यातही मोठा वाटा याच पाण्याचा, जाताना आपण त्याला 'रिझल्ट' म्हणतो आणि परत आलं की 'सत्यानाश'.

हे मला आज कळलं असं नाही, गेली कित्येक वर्षं माहिती आहे. तरी सकाळी ८५.५ बघून डोक्यात जो पहिला विचार आला तो होता, चला, गेलंच आता सगळं, मग आज पण होऊ दे. आणि खरं सांगायचं तर त्या विचारात दुःख कमी आणि सुटका जास्त होती. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर वाटायचं ना, तसलं काहीतरी.

या 'होऊ दे' वर अभ्यास झालेला आहे हे वाचून बरं वाटलं होतं मागे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोघांनी लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. जी माणसं एरवी खाण्यावर ताबा ठेवून नसतात त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, पोट भरलेलं. पण जी सतत वजनाची काळजी करत मोजून मापून खाणारी होती त्यांनी मिल्कशेक न घेता जेवढं खाल्लं असतं त्याहून जास्त हाणलं. आजचा दिवस बुडालाच आहे तर बुडू दे. पुढे हर्मन आणि जेनेट पॉलिव्ही या जोडीने त्याला चक्क 'व्हॉट द हेल इफेक्ट' असं नाव दिलं. म्हणजे घात मिल्कशेकने केला नाही, मिल्कशेकनंतरच्या वाक्याने केला. माझं पण तेच, बिस्किटांचा पुडा कधीच इतका महाग पडलेला नाही, महाग पडलंय ते 'आता सोमवारपासून'. मंगळवारी माती खाल्ली की सोमवार यायला सहा दिवस, आणि ते सहाही दिवस मोकाट.

आज दुपारी रोजचंच जेवलो. उपास करून भरपाई करायची नाही हे ठरवलं होतं, ते पाळलं. बास.

गुरुवार

८५.०. चाललो ४० मिनिटं. लिहायला काही नाही पण पान कोरं सोडायचं नाही म्हणून लिहिलं.

शुक्रवार, उशीर झालाय

कपाट आवरताना जुन्या वह्या सापडल्या, २०१७, २०१९, २०२२. प्रत्येकीवर पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात तारीख आणि वजन आणि खाली काहीतरी बाणेदार वाक्य (वाचवत नाहीत). जमिनीवर फतकल मारून वाचत बसलो आणि हळूहळू घाम फुटला. २०१७ ची वही ८४.६ ला संपते. २०१९ ची ८४.१ ला. २०२२ ची ८३.९ पर्यंत जाते, त्या खाली लिहिलंय "भारी!! आता थांबायचं नाही" आणि पुढे अख्खी वही कोरी.

मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय की मला चिकाटी नाही, वजन हललं नाही की मी कंटाळून सोडतो. साफ खोटं. २०१९ मध्ये पाच आठवडे काटा ढिम्म हलला नव्हता, ९१ च्या आसपास, तेव्हा मी शहाण्यासारखा रोज लिहीत होतो. वजन अडलं की मी तग धरतो, उतरायला लागलं की पळतो. घोडं दर वेळी ८४ लाच अडतं.

आता सगळं खापर मनावर फोडायचं नाही, शरीर पण यात आहेच. ९६.८ वरून ८४ म्हणजे जवळपास १३ टक्के वजन गेलं. १९९५ चं लाइबेल आणि रोझेनबाउम वगैरेंचं काम आहे, वजन १० टक्के उतरलं की शरीर नुसत्या कमी झालेल्या आकाराच्या हिशोबाने व्हावा त्यापेक्षाही कॅलरींचा खर्च कमी करतं, कंजूषपणा सुरू. लेप्टिन (भूक आवरणारं हार्मोन) घटतं, भूक वाढते. म्हणजे ८४ ला मला जास्त भूक लागते आणि तेवढ्याच चालण्याने कमी उतरतं हे खरंच आहे, माझा आळस नाही. पण भुकेने पुडा अंधारात खायला लागत नाही ना. भूक असेल तर माणूस ताट वाढून घेतो.

वह्या घेऊन बायकोला दाखवायला गेलो. तिने चाळल्या, २०२२ च्या मागच्या पानावर थांबली. तिथे एक यादी होती, मी साफ विसरलो होतो. वर लिहिलेलं, "वजन कमी झाल्यावर". पोहायला जायचं. जुन्या मित्राला फोन करायचा. नवीन फोटो काढायचा. दुसरी नोकरी बघायची.

ती म्हणाली, "यातलं तुला काय नकोय?"

म्हटलं, "म्हणजे? सगळं हवंय, म्हणून तर लिहिलंय."

"अरे मग ८४ ला आलास की पळतोस कशाला? ते सगळं करायची वेळ येते म्हणून?"

मी चिडलो, च्यायला हिला काय कळतं म्हणून उठून आलो. अर्ध्या तासाने तिचंच बरोबर वाटायला लागलं, नेहमीसारखं. वजन जास्त आहे तोवर त्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक सभ्य कारण आहे. नोकरी का नाही बदलत, आत्मविश्वास नाही, का नाही, वजन. मित्राला का नाही भेटत, तो काय म्हणेल, किती सुटलास. (आमचं भांडण झालं होतं ते सोयीस्करपणे विसरायचं.) हे सगळं वजनाच्या खुंटीला टांगलेलं आहे. उद्या ८० झालो आणि तरीही नोकरी मिळाली नाही तर? खुंटीच गेली. मग मीच उरलो.

बर्ग्लास आणि जोन्स नावाच्या दोघांचा १९७८ चा एक प्रयोग आठवला. विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली, काहींचे प्रश्न तर सुटण्यासारखेच नव्हते, तरी सगळ्यांना सांगितलं की वा, उत्तम केलंत. मग दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायचं, एकाने डोकं चांगलं चालेल, दुसऱ्याने मंद होईल. ज्यांना आपण पहिल्यांदा कसे काय पास झालो हेच कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी डोकं मंद करणारं औषध मागितलं, त्यातही पुरुषांनी. कारण पुन्हा जमलं नाही तर औषधावर ढकलता येतं. माझी बिस्किटं म्हणजे तेच औषध. त्या माणसाने 'किती बारीक झालास' म्हटलं त्याच संध्याकाळी मला ती लागली, दुसऱ्या दिवशी नाही.

आता हे कळलं म्हणून आपोआप सुटेल असंही नाही. कळण्यात माझा नंबर नेहमीच वरचा असतो. आणि मोटिव्हेशन वगैरेवर माझा आता विश्वासच उरलेला नाही, ते सकाळी साडेसहाला भरपूर असतं आणि रात्री अकराला, जेव्हा खरी गरज, तेव्हा गायब. त्यापेक्षा एक फुटकळ गोष्ट ठरवलीये: कोणी कौतुक केलं की ते त्याच दिवशी घरी येऊन बायकोला सांगायचं. वेडेपणा वाटतो, पण मंगळवारी मी ते सांगितलं नव्हतं, मनात घेऊन बसलो होतो आणि अकरा वाजेपर्यंत त्याचं ओझं झालं होतं. खाण्याची नोंद करतानाही उभ्याने खाल्लेलं धरायचं. १९९२ मध्ये 'डाएट करूनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या काही लोकांचं खाणं नीट मोजून बघितलं तर ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ते लबाड होते असं मला वाटत नाही. दिवा बंद असणार.

रविवार

पोहायला गेलो.

८२ झालो की जायचं ठरलं होतं, गेलो ८४.७ ला. कॉस्च्युम तीन वर्षांपूर्वीचा, टॅग सुद्धा काढलेला नव्हता, तिथेच चेंजिंग रूममध्ये दाताने तोडला. टॉवेल खांद्यावर असा घेतला होता की पोट झाकलं जाईल, पण टॉवेल दोन पोटांना पुरत नाही, माझं एक आहे पण दोन घड्यांचं. कठड्यापर्यंतचं अंतर असेल १५ पावलं, एवढं लांब मी आयुष्यात कधी चाललो नाही. पाण्यात उतरल्यावर नाकातोंडात पाणी गेलं आणि मग पोटाचा विचार करायला सवडच मिळाली नाही. आडवी रुंदी चार वेळा कापली, मध्ये दोनदा थांबून. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत जवळ आले, मनात म्हटलं आला टोमणा, तर ते म्हणाले, "तुमचं झालं असेल तर जरा बाजूला होता का, मला लेन हवीये."

बस, एवढंच. ज्यासाठी तीन वह्या बुडवल्या ते हे.

घरी येऊन प्रचंड भूक. बसून जेवलो, नेहमीपेक्षा जास्तच, लिहिलंय. उद्या काटा वर जाईल बहुतेक, आता रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी काढायची असं चाललंय, बघू किती दिवस टिकतंय. त्या कोपऱ्यातल्या फरशीवर बायकोने बादली ठेवली आहे. मुद्दाम ठेवली का विचारलं तर म्हणे बादली कुठेतरी ठेवायलाच लागते ना.

यादीत दुसरा नंबर मित्राचा. जेवण झाल्यावर फोन हातात घेतला, त्याचा नंबर काढला, आणि लगेच वाटलं आज नको, ८० झालो की निवांत. स्वतःशीच हसलो. फोन नाही केला, साडेदहा वाजून गेले होते, पण मेसेज टाकला, "कसा आहेस? भेटायचं का?" तीनदा खोडून लिहिला. अजून एकच टिक आहे.