श्रद्धांजली वाहण्याआधी

विक्रम गोखले गेले ते २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, पुण्यात. पण त्याच्या दोन-तीन दिवस आधीच श्रद्धांजलीच्या पोस्ट फिरू लागल्या होत्या. ‘ते अजून आहेत’ हे घरच्यांना सांगावं लागलं. काय ही वेळ!

हे होतं कसं? नामवंतांचे मृत्युलेख वृत्तकक्षात आधीच तयार असतात, त्यात गैर काही नाही. घोळ पुढे होतो. एखादा कलाकार ऐकीव बातमीवर शोक व्यक्त करतो, वाहिनी त्याचीच पोस्ट पुरावा म्हणून दाखवते आणि ती पट्टी पाहून आणखी दहाजण हळहळतात. चार ठिकाणी दिसलेली बातमी मुळात एकाच तोंडची असते.

म्हणून आधी बघा, सांगतंय कोण? रुग्णालयाचं निवेदन किंवा कुटुंबीयांचं नावानिशी दिलेलं वाक्य हवं. ‘सूत्रांची माहिती’ इथे चालत नाही. स्क्रीनशॉटवर तर विसंबूच नका. बातमी मागे घेतली तरी तो फिरतच राहतो. मूळ लिंक उघडा.

चुकून पुढे पाठवलंच, तर साधारण दोन दिवसांच्या आत व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ करता येतं. सोबत त्याच ग्रुपवर खुलासाही टाका. नुसतं पुसलं, तर ज्यांनी आधीच वाचलंय त्यांना काहीच कळत नाही.