दोन गटांच्या मधला ओढा

अर्ज साधा होता. वरच्या अंगाला प्लॉटिंग झाल्यापासून ओढ्याचं पाणी आमच्या रानात शिरतं, पेरलेली ज्वारी वाहून गेली, तरी अडथळा काढून मिळावा. खाली दोन सह्या आणि एक अंगठा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली असा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. इथं भराव उन्हाळ्याच्या अखेरीस पडला होता आणि अर्ज दसऱ्याच्या आधी आला, म्हणून तो टिकला. पुष्कळ जण दोन पावसाळे तोंडी भांडण्यात घालवतात आणि मग येतात, तोवर ही वाट बंद झालेली असते.

मंडळ अधिकारी म्हणून स्थळपाहणी माझ्याकडे आली. उत्तर सोलापूर तालुक्यातलं गाव, सीनेकडे उतरणारी जमीन. वर माळ, वीतभर मातीखाली मुरूम. खाली खोल काळी. जिल्ह्याचा खरा पाऊस परतीचा. जून-जुलै कोरडे जातात आणि उत्तरा-हस्तात दोन तासांत रान भरून वाहतं. उन्हाळ्यात प्लॉट बघायला आलेल्या माणसाला ओढा म्हणजे बाभळींची एक सखल पट्टी दिसते. ज्यानं ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे गट, म्हणजे नंबर असलेल्या जमिनी, विकत घेतले त्यालाही तसाच दिसला असावा.

जाण्याआधी कागद बघितले. सातबाऱ्यावर ओढा नव्हता, आणि तो असतही नाही. दोन गटांच्या मधून जाणाऱ्या ओढ्याला गट नंबर नसतो, म्हणून त्याचा सातबारा नसतो. तो असतो गावनकाशात, दुहेरी रेघेनं दाखवलेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे तो शासनाचा. मोजणीची क-प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, आपापल्या गटाच्या हद्दीपुरती असते, त्यामुळे ओढा तिच्या बाहेर राहतो. दोन्ही गट एकाच्या हातात आले, दोन क-प्रती शेजारी ठेवून नकाशा आखला गेला आणि मधली पट्टी ‘अंतर्गत रस्ता’ झाली. आखणाऱ्याचा हिशोब उघड होता. रस्त्याची जागा विकता येत नाही, ओढ्याचीही नाही. मग एकावर दुसरा टाकला की विकायला प्लॉट वाढतात.

दोन्ही बाजूंना नोटीस बजावली होती. ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, पोलीस पाटील आणि भूमी अभिलेखचे भूकरमापक हजर होते. अर्जदारांतले वयस्क गृहस्थ म्हणाले, “भाऊसाहेब, आधी रान बगा की आमचं.” त्यांना विनंती केली की आधी माळावर जाऊ. बुडालेलं शेत नुकसान दाखवतं, कारण वर असतं.

माळावर जे दिसलं त्यानं प्रकरण अर्जापेक्षा मोठं झालं. कृषी सहायकांकडे पाणलोटाच्या कामांची गटवार यादी होती: पाणी मुरवायला उताराला आडवे खोदलेले सलग समतल चर, त्याखाली कंपार्टमेंट बंडिंग म्हणजे शेतातले चौकोनी बांध, ओढ्यात एक माती नालाबांध. चर बुजवले होते. बांध सपाट केले होते. नालाबांधाचा मुरूम उचलून रस्त्याच्या भरावात घातला होता. ओढ्यावर साठ सेंटिमीटर व्यासाचे दोन सिमेंट पाइप टाकून वरून रस्ता नेला होता. पाइपांचा तळ ओढ्याच्या जुन्या तळापेक्षा हातभर उंच होता, म्हणजे पाणी आधी तुंबणार आणि मगच पाइपात शिरणार. तोंडाशी उसाचं पाचट आणि प्लास्टिक अडकलं होतं.

प्लॉटिंगवाल्यांचं म्हणणं, पाऊसच तेवढा झाला, पाइप तर टाकलेत. त्यावर वाद न घालता हिशोब मांडला. गावनकाशावरून त्या ठिकाणच्या वरचं पाणलोट सुमारे ८० हेक्टर. तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस आणि त्यातलं ४० टक्के पाणी वाहून येतं असं धरलं, तर सेकंदाला सव्वापाच घनमीटर. साठ सेंटिमीटरच्या पाइपाचं तोंड ०.२८ चौरस मीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगानं गेलं तरी दोन पाइप मिळून सव्वा घनमीटरही होत नाही. म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या चौथाईहूनही कमी. तेही पाचट नसताना. बरं, ४० टक्के हा आकडा चर आणि बांध शाबूत असतानाचा नव्हेच. ते होते तेव्हा पाणी कमी यायचं आणि उशिरा यायचं. माथ्यावरची कामं मोडली की पाणी वाढतं, आणि त्याच वेळी पायथ्याला वाट अरुंद केलेली असते.

मग उरलेलं पाणी गेलं कुठं? भरावाच्या कडेनं चालत गेलो तर माती खरवडून निघालेली घळ सापडली. तुंबलेलं पाणी रस्त्याला आडवं लागून कडेकडेनं धावलं आणि तिसऱ्याच बाजूनं अर्जदारांच्या ज्वारीत उतरलं. तिथून ते शेजारच्या ओहोळाला मिळालं. गावचा पाझर तलाव मूळ ओढ्यावर आहे. एवढा पाऊस होऊनही त्याला गुडघाभर पाणी होतं. ग्रामपंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीर त्या तलावाच्या खालीच. जे पाणी तलावात मुरून उन्हाळ्यात विहिरीला उतरायचं, त्यानं तीन घरांची पेरणी नेली. सरपंचांना त्या दिवसापर्यंत हा दोन शेतकऱ्यांचा बांधाचा वाद वाटत होता. तलावावर उभं केल्यावर त्यांनी स्वतःहून ग्रामपंचायतीतर्फे जबाब दिला.

पंचनाम्यात भरावाची लांबी-रुंदी-उंची, पाइपांचा व्यास आणि तळाची पातळी, घळीची दिशा, तलावातलं पाणी हे सगळं आकड्यांत घेतलं. ‘पाण्यास अडथळा होतो असे दिसते’ एवढ्या वाक्यावर आदेश टिकत नाही. प्रांतांकडे पुनरीक्षणात पहिला प्रश्न येतो तो अडथळा नैसर्गिक प्रवाहाला आहे का, हाच. भूकरमापकांनी दुहेरी रेघ जमिनीवर उतरवून खुणा केल्या, तेव्हा चार प्लॉटही ओढ्यात निघाले. विनापरवाना उचललेल्या मुरमाचं प्रकरण जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली वेगळं चालवायचं ठरलं.

आदेशात नुसतं ‘पाइप काढा’ लिहून भागत नाही. पाइप काढले की राहिलेला सैल भराव पहिल्या सरीत वाहून तलावात गाळ होऊन बसतो. म्हणून आदेशासाठी अहवालात लिहिलं ते असं: खोदाई खालच्या टोकाकडून वर, म्हणजे मध्येच पाऊस आला तरी पाण्याला वाट असते. तळ जुन्या पातळीपर्यंतच, कारण जास्त खोल नेला की घळ मागे सरकत वरच्या शेतात शिरते. काळ्या मातीत काठ उभे ठेवायचे नाहीत, एकास दीड उतार. निघालेली माती काठावर न टाकता बाहेर न्यायची. रस्ता हवाच असेल तर तीन मीटर रुंद, दीड मीटर उंच मोरी, तळ ओढ्याच्या तळाशी जुळवून, आणि तीही परवानगी घेऊन. खर्च ज्यानं बुजवलं त्याचा.

सगळ्यात जड गेलं ते प्लॉट घेणाऱ्यांशी बोलणं. सोलापुरातले यंत्रमागावरचे कामगार, विडी वळणाऱ्या बाया. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, त्याहून लहान तुकडा विकता येत नाही, म्हणून दहा जणांच्या नावे सामाईक खरेदी, प्रत्यक्षात ज्याचे त्याचे दोन गुंठे. हातात पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. ती कर आकारणीची नोंद आहे. तिनं मालकी ठरत नाही, बांधकामाला परवानगीही मिळत नाही. एका मावशीनं विचारलं, “मग पट्टी कशाला घेतली वो आमच्याकडनं?” हा प्रश्न ग्रामपंचायतीनंच ऐकायला हवा होता, आणि ग्रामसेवक तिथं होते. ओढ्यातल्या चार प्लॉटधारकांना तिथंच लेखी समज दिली: पाया खोदू नका, ही जागा नियमित होणार नाही, पैशांसाठी विकणाऱ्यावर दावा करा.

अहवालासोबत एक वेगळा प्रस्ताव जोडला आहे. पाणलोटाची कामं शासनाच्या पैशातून होतात, मोजमाप पुस्तकात चढतात, पण त्या गटाच्या सातबाऱ्यावर त्यांचा मागमूस नसतो. जमीन विकली की घेणाऱ्याला बांध म्हणजे मातीचा ढीग वाटतो. या गावातल्या सगळ्या चरांची, बांधांची, नालाबांधांची नोंद गटवार ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी आणि अकृषिक वापराच्या कोणत्याही प्रकरणात क-प्रतीबरोबर गावनकाशाचा उतारा सक्तीचा करावा, अशी मागणी त्यात आहे. कृषी सहायकांची यादी सोबत लावली असून तलाठ्यांनी फेरफारासाठी गट नंबर ताडून घेतले आहेत.