कायरोप्रॅक्टरने दिलेल्या बाटल्या घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी न्यू जर्सीत आहारतज्ज्ञ आहे, आणि मंडळाच्या गणपतीत प्रसाद हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "पाठीसाठी कायरोप्रॅक्टरकडे जातोय, त्याने सप्लिमेंटच्या बाटल्याही दिल्यात. घेऊ का?"

कायरोप्रॅक्टर म्हणजे मणके आणि सांधे हातांनी दाबून-हलवून उपचार करणारा. त्याने खाण्यापिण्याचं बोलूच नये, असं मी म्हणणार नाही. पाठ दुखतेय म्हटल्यावर वजन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची चौकशी व्हायलाच हवी. आपल्या लोकांना तर आधी विचारावं, शाकाहारी आहात का? बी-12 नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे, मटण अशा पदार्थांतूनच मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला जेमतेम 2.4 मायक्रोग्रॅम पुरतं, पण चहातल्या दुधावर तेवढंही भागत नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते आणखी घटू शकतं. मग हातापायांना मुंग्या येतात, आपण म्हणतो मानेत नस दबली, आणि गाडी कायरोप्रॅक्टरच्या दारात. बी-12 कमी पडल्यामुळे आलेल्या मुंग्या मान कडकडा मोडून जात नाहीत. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचंही राहू शकतं. "आधी रक्त तपासून या" म्हणणारे कायरोप्रॅक्टर इथे आहेत. त्यांच्याकडे मी बिनधास्त माणसं पाठवते.

घोडं पेंड खातं ते काउंटरवर. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कायरोप्रॅक्टरला औषधं लिहून देता येत नाहीत, सप्लिमेंटं मात्र विकता येतात. 1994च्या कायद्यामुळे ती बाजारात आणायला एफडीएची, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरीही लागत नाही. कमतरता सांगणारा तोच, बाटली विकणारा तोच! मला हे पटत नाही, आणि मी स्वतः काही विकत नाही ते याचसाठी.

काही जण तर हात आडवा धरायला लावून वरून दाबतात आणि हात किती टिकला त्यावरून कुठलं जीवनसत्त्व हवं ते सांगतात. डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांनी 1964मध्ये सुरू केलेली ही पद्धत. कुठल्या बाटलीत काय आहे हे तपासणारा आणि रुग्ण दोघांपासूनही लपवून ती तपासली, तेव्हा निकाल छापा-काट्याच्या पुढे गेला नाही.

तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, बाटलीचं मग बघू. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर हळदीच्या कॅप्सूल त्यांना विचारल्याशिवाय नकोतच. आमटीतली हळद खुशाल चालू द्या.