डॅश घ्यायचाय? आधी जिना मोजा

आमच्या डॅशहाउंड कुत्र्याला, बंड्याला फिरवताना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी थांबवून विचारतंच, "आम्हीपण डॅशहाउंड घ्यावा म्हणतोय. फ्लॅटला बरा ना? लहानसाच असतो." परवा तुम्हीही विचारलंत. तेवढ्यात पाऊस आला आणि सांगायचं राहिलं.

लहान तो फक्त उंचीला. मूळचा हा जर्मन शिकारी. 'डाक्स' म्हणजे बॅजर, हा जमिनीत बीळ करून राहणारा प्राणी, 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरशी भिडायचं म्हणून आखूड पाय, भरदार छाती आणि जमिनीखालून वरच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज. हा आवाज आमच्या चारही मजल्यांना पाठ आहे. बॅजर इथे नाहीत, पण सोसायटीच्या बागेत घुशी आहेत. एकदा हा गडी अख्खा बिळात, बाहेर फक्त शेपूट. मी वीस मिनिटं हाका मारतेय. निघाला तेव्हा नाकावर मातीचा गोळा आणि नजर अशी, की घूस माझ्यामुळेच निसटली.

हे सगळं चालवून घेता येतं. पाठीचं तसं नाही. पाय आखूड करणाऱ्या जनुकीय बदलानेच या कुत्र्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या लहान वयात कडक व्हायला लागतात, आणि साधारण चारातल्या एका डॅशला कधी ना कधी त्याचा त्रास होतो. बंड्या 5 वर्षांचा असताना एका सकाळी फरशीवर नखं घासल्याचा खर्र खर्र आवाज आला. मागचा एक पंजा उलटा पडत होता. आदल्या रात्री सोफ्यावरून मारलेली उडी भोवली. डॉक्टरांनी 6 आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं आणि बजावलं, "मागचे पाय पूर्ण गेले तर सकाळची वाट बघू नका, तासांचा प्रश्न असतो." आमचं ऑपरेशनवाचून निभावलं.

तेव्हापासून सोफा बंद, पलंग बंद, जिना तर बंदच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 9 किलोचा ऐवज दिवसातून चारदा मीच वरखाली करते. एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली, पाठ आडवी. पुढच्या पायांना धरून लोंबकळत उचलायचं नाही, हे तुमच्या मुलांना आधीच शिकवा. पट्टा गळ्यात नको, छातीचा हार्नेस घ्या. आणि वजन! बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघताना कमर दिसली पाहिजे. आमच्याकडे सासूबाई गुपचूप तूप-पोळी भरवायच्या. भांडण झालं, मिटलं, आता त्या काकडी देतात.

पावसाळ्यात पोट जमिनीलगत, त्यामुळे चिखल थेट पोटाला. दर फेरीनंतर पुसायचं, कान उचलून बघायचे. सवय होते.

पिल्लू घेताना आई-बाप बघायला मागा, त्यांच्या पाठीची चौकशी करा. दोघंही ठिपकेवाले, म्हणजे डॅपल असतील तर सरळ परत या. अशा जोडीची काही पिल्लं बहिरी, आंधळी निघतात. आम्हाला एकाने 'रेअर' म्हणून जवळजवळ पांढरं पिल्लू जास्त पैशांना दाखवलं होतं. मी त्याच्यामागे टाळी वाजवली. ते वळलं नाही.

तरी घ्यायचाच असेल तर रविवारी संध्याकाळी या. बंड्याला खालून तुम्हीच वर आणा. 36 पायऱ्या आहेत. चहा टाकून ठेवते.