तुम्ही विचारलंत म्हणून: या फियाटचे ब्रेक आणता कुठून?

पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, परतवाड्याच्या बाजारात, कुठेही गाडी उभी केली की कोणीतरी जवळ येतं, बॉनेटवरून हात फिरवतं आणि विचारतं, "भाऊ, हिचे पार्ट अजून भेटतात का?" त्यातला जो स्वतः गाडी हाकणारा असतो तो लगेच पुढचं विचारतो, "अन् बिरेकचं कसं करता?" हा दुसरा प्रश्न मला जास्त पटतो. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर उभी राहते. ब्रेक गेला तर तीच उभी राहत नाही. आणि आमचं गाव अचलपूर तालुक्यात, म्हणजे पाहुणा आला की त्याला चिखलदरा दाखवायला न्यायचं हे ठरलेलं. सुमारे 1,100 मीटर उंचीवरून घाट उतरायचा तर या प्रश्नाचं उत्तर घरात तयार असावं लागतं.

गाडी प्रीमिअर पद्मिनी. आमच्याकडे तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर 1100 काढली, तीच पुढे पद्मिनी झाली. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याला आतून दोन अर्धगोल शू दाबले जातात आणि गाडी थांबते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाय जोरात द्यावा लागतो. कारखान्यातून नवी पद्मिनी निघणं बंद होऊन आता दोन दशकांच्या वर काळ लोटला.

मग पार्ट कसे मिळत राहिले? टॅक्सीवाल्यांमुळे. जुन्या गाडीचा पार्ट मिळणं-न मिळणं गाडीच्या वयावर नसतं, तसल्या किती गाड्या अजून पोटासाठी पळताहेत त्यावर असतं. मुंबईची काळी-पिवळी दिवसभर सिग्नलला थांबायची, तिचे लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, झिजायचे, म्हणून कोणीतरी लायनर बनवायचं, कोणीतरी शू दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं किट, म्हणजे त्याच्या आतली रबरं, बनवायचं, आणि त्यातलंच थोडं आमच्यापर्यंत पोचायचं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून मुंबईच्या दुकानदाराचा फोनवरचा सूर बदलला. आधी तो "आहे" म्हणायचा, आता "बघतो" म्हणतो. अँबेसिडरवाल्यांची हीच गोष्ट कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीशी बांधलेली आहे. तिथल्या मल्लिक बाजारात त्यांना अजून बरंच सापडतं. मारुती 800 वाल्यांनी मात्र हे सगळं वाचायची गरज नाही. 2014 ला ती बंद झाली, पण तिचे डिस्क पॅड अजून तालुक्याच्या दुकानात टांगलेले दिसतात.

आता आमची पद्धत. पहिली गोष्ट, दुकानात जाऊन "फियाटचा व्हील सिलिंडर द्या" असं म्हणायचं नाही. काउंटरवरचा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो, त्याने ही गाडी हलताना पाहिलेली नसते. तो नाही म्हणतो आणि विषय संपतो. जुना सिलिंडर काढून, पुसून, सोबत न्यायचा. गाडी बनवणारी कंपनी गेली तरी ब्रेकचं सामान बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, त्या टिकून आहेत, आणि त्यांच्या लेखी गाडीच्या नावापेक्षा माप महत्त्वाचं. सिलिंडरच्या बिडावर कधी कधी बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाचं, माप उठवलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या चिखलाखाली ते झाकलेलं असतं, तारेच्या ब्रशने घासलं की दिसतं. दिसलं नाही तर व्हर्नियर लावून मोजायचं.

या मापावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर आणि अकरा सोळांश इंच म्हणजे 17.46. हातात घेतले तर दोन्ही सिलिंडर भाऊ-भाऊ दिसतात, कधी कधी बोल्टची भोकंही जुळतात. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो, आणि तिथे फरक एकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. डाव्या चाकाला एक आणि उजव्याला दुसरा बसला की ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. कोरड्या सरळ रस्त्यावर एवढं जाणवत नाही. घाटाच्या वळणावर किंवा ओल्या डांबरावर जाणवतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून सिलिंडर जोडीनेच बदलायचे, एकाच मापाचे, जमलं तर एकाच कंपनीचे.

नवा मिळालाच नाही तर? बाहेरचं रबर मागे सारून बघा. आत ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल गळतंय. पिस्टन काढा आणि आतल्या भिंतीवरून नख फिरवा. नख कुठेच अडकलं नाही तर नुसतं किट बदलून भागतं. बारीक खड्ड्यांत अडकलं तर नवं रबरसुद्धा महिन्या-दोन महिन्यांत फाटणार. अशा सिलिंडरला आत पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवून मूळ माप परत आणता येतं. हे काम आपल्या भागात चांगलं होतं, हे मी मुंबईवाल्यांनाही सांगतो. कापसाचा मुलूख, जिनिंगवाल्यांची सगळी झीज-मोड दुरुस्त करून करून आमच्या लेथवाल्यांचा हात असा बसलाय की त्यांना शतांश मिलिमीटरची भाषा समजते. मी ज्यांच्याकडे जातो ते काका सिलिंडर हातात घेऊन आधी आपल्यालाच रागावतात: "एवढा गंजेपर्यंत काय करत होते बाप्पा?" मग चहा येतो, मग काम होतं.

जुन्या स्टॉकचा एक मोह असतो. एखाद्या गावातल्या मागच्या पिढीच्या दुकानात, वरच्या फळीवर, धुळीने माखलेला सीलबंद डबा सापडतो आणि आपण हरखून जातो. धातू घ्या, खुशाल घ्या. त्यातलं रबर मात्र टाकून द्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि त्या दुकानावर पत्रे असतात. वीस उन्हाळे खाल्लेलं रबर बोटांत दाबलं की तडा जातो. सिलिंडरच्या आतले रबरी कप बोअरच्या मापाने मिळतात, तेव्हा नवे आणून घालायचे. होज पाईपचंही तेच, तो कितीही चकचकीत दिसो, जुना घ्यायचा नाही. उलट ड्रम, बॅक प्लेट, ब्रेक शूचा लोखंडी सांगाडा हे भंगारातल्या गाडीवरून घ्यायला माझी हरकत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मोडीतल्या गाड्यांचा माल मिळतो. भाचा मुंबईत आहे, तो फोटो पाठवतो, ठरलं की सामान आमच्याकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सवर टाकतो. सकाळी थांब्यावर जाऊन ड्रायव्हरकडून पोतं घ्यायचं. ब्रेक ड्रमचं पोतं उचलताना ड्रायव्हर नेहमीच विचारतो, "यात काय भरलं राजेहो?"

शूवर लायनर नवे चढवून मिळतात, जुना सांगाडा दिला की झालं. बघायचं एवढंच की रिबिटाचं डोकं लायनरच्या पोटात खोल बसलंय ना. वर राहिलं तर ते ड्रमला चरे पाडतं. ड्रमला कड आली असेल तर लेथवर फिरवून घ्या, पण व्यासात दीड मिलिमीटरच्या पुढे खाऊ देऊ नका. पातळ ड्रम लवकर तापतो. आणखी एक: जुना ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची गॅरेजवाल्यांना सवय असते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाण्याने ओली करून पुसा.

नकली मालाबद्दल विचाराल तर तो भरपूर आहे आणि डब्यावरून ओळखू येत नाही. मी लायनरची कड बघतो. खऱ्या मालाची कड सारखी कापलेली असते, नकलीची भुरभुरते, नखाने पूड निघते.

ब्रेक ऑइल मात्र सीलबंद बाटलीतलंच. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना निदान 205 अंश असावा लागतो. पाणी मुरलं की तो 140 पर्यंत उतरू शकतो. घाटात तापलेल्या ड्रमपाशी ते उकळलं तर पाईपमध्ये वाफ होते आणि पायडल थेट खाली जातं. म्हणून दुकानदाराने अर्ध्या उघड्या डब्यातून ओतून दिलेलं ऑइल फुकट असलं तरी नको. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी नेणाऱ्यांनी तर दर दोन वर्षांनी बदलावंच. आणि रबरं डिझेलने किंवा पेट्रोलने धुणाऱ्या पोराच्या हातातून डबडं काढून घ्या. खनिज तेल लागलं की ती फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवायची.

"मारुतीचे डिस्क बसवून टाका ना," असा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पुढे डिस्क आणि मागे जुना ड्रम असं केलं की पुढच्या-मागच्या चाकांतलं जोराचं प्रमाण बिघडतं, बूस्टर नसताना डिस्कला पाय आणखी जोरात लागतो, आणि मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवायची असते, तिथे हे कोणाला समजावत बसणार? मी ड्रमवरच राहिलो, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मागचा बोलेरोवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

तेव्हा भाऊ, पार्ट भेटतात, फक्त आधीसारखे दुकानात बसून भेटत नाहीत. आणि तुमच्या गोठ्यामागे किंवा मामांच्या वाड्यात एखादी फियाट उभी असेल, टायर जमिनीत गेलेले, आत कोंबड्या, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला एक फोन करा. इंजिन, काचा, सीट सगळं तुमचं. मला फक्त चार ड्रम काढून द्या.