एक संगणक, दोन माणसे

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील दोन कारखान्यांसाठी मी इंदिरानगरच्या घरी बसून ऑटोकॅडमध्ये पत्राकामाची ड्रॉइंगे करतो. या कामाचा भार बव्हंशी प्रोसेसरवर पडतो आणि हौसेने घेतलेले ग्राफिक्स कार्ड दिवसभर जवळजवळ रिकामे असते. सुट्टीत राहायला आलेल्या पुतण्याने स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा संगणक, सोबत आणला, तेव्हा खेळ माझ्या संगणकावर चालवून त्याचे चित्र हॉलमध्ये त्याच्या हातातल्या पडद्यावर पाठवावे आणि त्याच वेळी आपले काम चालू ठेवावे, असे मनात आले. त्यासाठी संगणकावर चित्र पाठवणारे सनशाइन आणि डेकवर ते दाखवणारे मूनलाइट ही सॉफ्टवेअरे बसवली.

नेटवर्कची अडचण येईल असे वाटले होते, पण ती एका संध्याकाळीच मिटली. संगणक आणि डेक दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक चित्राला हवेतून दोनदा प्रवास करावा लागतो, म्हणून संगणक केबलने राउटरला जोडला आणि डेक ५ गिगाहर्ट्झवर घेतला. सेकंदाला ६० चित्रे पाठवायची म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी झाली की खेळ अडखळतो. ही सगळी ये-जा घरातल्या घरात होत असल्याने ब्रॉडबँड बंद पडले तरी खेळ थांबत नाही, हे पुतण्याला माझ्याआधी कळले.

खरी अडचण वेगळीच होती. आपल्यासमोर एकच माणूस बसला आहे, असे विंडोज गृहीत धरते. कर्सर एक, कीबोर्ड ज्या खिडकीकडे जातो ती खिडकी एक आणि आवाजाची मुख्य वाटही एकच. पहिल्या दिवशी मी ड्रॉइंगमध्ये क्लिक केले, तेवढ्यात तिकडे खेळ थांबला. त्याने डेकच्या पडद्याला बोट लावले, तर माझा कर्सर फ्लँजच्या भोकावरून उडून भलतीकडे गेला. त्याहून फजितीची गोष्ट म्हणजे स्ट्रीम सुरू होताच संगणकाचा आवाज आभासी स्पीकरकडे, म्हणजे डेककडे जाणाऱ्या वाटेवर, वळला. ते सेटिंग मी पाहिलेच नव्हते. ग्राहकाशी ऑनलाइन बैठक चालू असताना मला काहीच ऐकू येईना आणि हॉलमधून पुतण्या ओरडला, "काका, ते म्हणतायत माप चुकलंय!" माप खरोखरच चुकले होते.

उपाय तुकड्यातुकड्यांनी सापडले. आभासी डिस्प्ले, म्हणजे प्रत्यक्षात नसलेला पण संगणकाला खरा वाटणारा दुसरा पडदा, तयार करून तो डेकच्या पडद्याइतका, म्हणजे १२८० × ८०० ठेवला आणि खेळ तिकडे हलवला. पुतण्याला पडद्याचा स्पर्श सोडून केवळ बटणांवर खेळायला सांगितले, कारण खिडकी मागे असली तरी बऱ्याच खेळांना गेमपॅडचे, म्हणजे या बटणांचे, इशारे मिळत राहतात; माउस आणि कीबोर्डला ती सवलत नाही. खिडकी मागे गेली की आपोआप थांबण्याची सोय खेळाच्या सेटिंगमध्ये बंद केली. बैठकीच्या ॲपला हेडफोन नेमून दिला, तर खेळाचा आवाज आभासी स्पीकरवरच राहू दिला. चित्रे आवळून पाठवण्याचे काम ग्राफिक्स कार्डातील स्वतंत्र भाग करतो, त्यामुळे माझ्या ड्रॉइंगला त्याची झळ लागत नाही. थ्रीडी रेंडर लावले तर मात्र दोघेही रखडतो.

विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली वापरली तर तिच्यावर वुल्फ नावाची प्रणाली जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र आभासी डेस्कटॉप देते, त्यामुळे कर्सर आणि आवाज यांची वाटणी तिथे मुळातच झालेली असते. खरे उत्तर तेच आहे, पण ऑटोकॅड लिनक्सवर येत नाही आणि माझे पोट ऑटोकॅडवर चालते.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. चहाला उठताना सवयीने मी विंडोज आणि एल ही बटणे दाबतो, खेळाच्या जागी लॉकचा पडदा येतो आणि चहा गाळून होण्याच्या आत हॉलमधून "काका!" अशी हाक येते.