खिशातला कांदा

पहाटे पावणेचारला मी बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा सासूबाईंनी समोर एक कापडी थैली आणून ठेवली. आत अकरा कांदे. मोजून.

"तुम्ही अकरा जण ना? एकेकाच्या खिशात टाक. ऊन लागत नाही."

"आई, आम्ही पळायला चाललो. बाजाराला नाही."

"म्हणूनच देऊन राहिले. बाजाराला जाणारे सावलीसावलीनं जातात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थैली घेतली.

मेचा पहिला आठवडा, नागपूर, आदल्या दिवशी पारा 44 वर. या दिवसांत शहाणा माणूस कूलरच्या टाकीत पाणी भरतो आणि त्याच्यासमोर आडवा होतो. ही हाफ मॅरेथॉन खरं तर फेब्रुवारीत व्हायची होती. आज नाही उद्या करता करता मे महिन्यात येऊन पडली. पैसे भरलेले होते, ते परत मिळणार नव्हते. आमच्या क्लबात हिंमत बेताचीच आहे, पण भरलेले पैसे वाया जाऊ द्यायची हिंमत त्याहून बेताची.

मैदानावर कांदेवाटप झालं. आमच्यातल्या एका भाऊंनी दिवाळीत कार्बन प्लेटचे बूट घेतलेत. किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही. बूट जुन्यापेक्षा चाळीस ग्रॅमनं हलके आहेत, हे मात्र सगळ्या वस्तीला माहीत आहे. त्यांच्यापुढे मी थैली धरली. त्यांनी आत हात घालून, चाचपून चाचपून, सगळ्यात लहान कांदा काढला. वहिनींची वेगळीच अडचण. बायकांच्या पळण्याच्या कपड्यांना खिसा शिवायचा असतो, हे कंपन्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांनी कांदा दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून बांधला. क्लबातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही याला काही आधार नाही, खिशाला वास मात्र नक्की लागतो. आणि कांदा खिशात टाकला. त्यांच्याही घरी सासूबाई आहेत.

फ्लॅग ऑफ पाचला होता. सव्वापाच झाले तरी पाहुणे आले नव्हते. तोवर वॉर्मअप म्हणून स्टेजवर झुंबा सुरू होता. एकवीस किलोमीटरसाठी जपून ठेवलेली ताकद आम्ही तिथंच मनसोक्त उधळली. मग पाच चाळीसला सूर्य आणि पाहुणे बरोबरच उगवले. पाहुण्यांनी आरोग्यावर चार शब्द सांगितले, सूर्यानं काही न बोलता सुरुवात केली.

आज घड्याळ बघायचं नाही, असं आदल्या रात्रीच ग्रुपवर ठरलं होतं. एरवी आमच्यात कुणी 'कसे आहात' विचारत नाही, 'टायमिंग किती आलं' विचारतात. पहिल्याच किलोमीटरला भाऊंचा हात मनगटाकडे गेला. सगळे ओरडले. मग त्यांनी घड्याळावर रुमाल बांधला आणि पुढचा अख्खा रस्ता त्या रुमालाकडे बघत काढला.

घड्याळ नसलं तरी आमच्याकडे सर आहेत. निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, आणि लांबच्या शर्यतीत सांगायची त्यांची एक ठरलेली गोष्ट आहे. ती पुण्यात डेक्कन जिमखान्यावर सुरू होते. तिथं दोराबजी टाटा गावाकडच्या पोरांना अनवाणी पळताना बघतात आणि यांना ऑलिम्पिकला न्यायचंच असं मनावर घेतात. सरांचा दम जसजसा लागतो तसतशी गोष्ट थांबत थांबत पुढं जाते, त्यामुळे अंतर किती उरलं ते आम्हाला गोष्टीवरून कळतं. दोराबजी मैदानावर असले म्हणजे अजून पाच किलोमीटरही झालेले नाहीत. पोरं बोटीत बसली की निम्मं झालं.

सेमिनरी हिल्सच्या चढावर सगळे मुकाट चालले. चढावर चालणं हे आमच्या क्लबाचं धोरण आहे, त्याला आम्ही 'स्ट्रॅटेजी' म्हणतो. उतार लागला आणि वहिनींच्या दुपट्ट्याची गाठ सुटली. कांदा टणकन डांबरावर पडला, दोन उड्या मारल्या आणि घरंगळत निघाला तो बघता बघता आमच्या सगळ्यांच्या पुढे. फुग्याची काठी घेऊन ठरल्या वेगानं पळणाऱ्या पेसरच्या पायांमधून तो सुळकन गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आजचा पीबी त्याचाच," भाऊ म्हणाले. पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ.

फुटाळ्यापर्यंत बरं होतं. तलावाकडून थोडी झुळूक होती, सकाळी फिरायला आलेली मंडळी हात करत होती. एक आजोबा बाकावरून उठून खास विचारायला आले, "काहून पळून राहिले जी? कोणी मागं लागलं का?" डॉक्टर म्हणाले, "वय." आजोबांना ते पटलं असावं. ते परत बाकावर जाऊन बसले.

खरं ऊन अंबाझरीच्या पुढं भेटलं. नागपूरचं ऊन गुपचूप काम करतं. मुंबईत घाम नाकावरून टपटप गळतो, माणसाला कळतं तरी की आपण भिजलो. इथली हवा इतकी कोरडी, की घाम बाहेर आला तसा उडून जातो. कपडे सुके, आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही. डॉक्टरांचं म्हणणं, घाम उडतो तेव्हाच अंग थंड होतं, म्हणून कोरडं ऊन एका अर्थी उपकारच करतं. फक्त किती पाणी गेलं ते सांगत नाही. शिवाय पळणारा माणूस स्वतःच एक शेगडी असतो. पोटातलं इंधन जळतं त्यातलं जेमतेम पाव पायांच्या कामी येतं, बाकी सगळी धग. गेलेल्या घामाचा हिशेब मग कपड्यांवर उमटतो. काळ्या टी-शर्टांवर मिठाचे पांढरे नकाशे तयार झाले होते. सरांच्या पाठीवर हुबेहूब श्रीलंका होती.

पंधराव्या किलोमीटरच्या वॉटर स्टेशनवर रिकामे ग्लास आणि एक ओशाळलेला मुलगा एवढंच उरलं होतं. "गाडी येऊन राहिली," तो म्हणाला. गाडी काही दिसेना. पण समोरच्या घरातल्या काकू अंगणात पाणी शिंपत होत्या. त्यांनी आमचे चेहरे बघितले आणि काही न विचारता पाइप आमच्याकडे वळवला. एकेक जण पाइपाखाली डोकं धरून उभा. काकूंनी मुलीला हाक मारली, ती पन्ह्याचं पातेलं घेऊन आली. गुळाचं, वेलची घातलेलं, माठातल्या पाण्यातलं. मी आजवर एनर्जी जेलच्या चिकट पुड्यांवर जो खर्च केला त्यात त्या पन्ह्याची किती पातेली आली असती, हा हिशेब मी घातला नाही. दुसरा ग्लास मागितला. डॉक्टर काकूंना म्हणाले, थोडं मीठ आणखी टाका, नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. काकू म्हणाल्या, "मीठ आहे त्याच्यात. मी काय आज पन्हं करून राहिले का?"

तिथून पुढं कुणी कुणाच्या पुढं गेलं नाही. भाऊ जाऊ शकले असते, बूट तसे होते. पण तेही रमतगमत सरांच्या बाजूनं चालत राहिले, कारण बोट आता पोहोचत आली होती. अठराव्या किलोमीटरला बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या रस्त्यावर उतरला. साल 1920. ऑलिम्पिकची मॅरेथॉन, तीही आजच्यासारखी 42.195 नाही, चांगली 42.75 किलोमीटरची.

"मग?" भाऊंनी विचारलं. ही गोष्ट त्यांनी निदान आठव्यांदा ऐकली असेल.

"एकोणिसावा आला. दोन तास पन्नास मिनिटं."

दोन तास पन्नास मिनिटं आम्हाला इथवर यायलाच लागली होती, तीही पन्हं पिऊन. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

फिनिश लाइनवर कमान अर्धी उतरवलेली होती. मेडलांचा खोका उन्हात पडलेला. स्वयंसेवक पोरीनं माझ्या गळ्यात मेडल घातलं आणि मी "आई गं" म्हणून ओरडले. गळ्याशी गोल चटका बसला होता. फोटोत सगळ्यांनी मेडल दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलंय. बघणाऱ्याला वाटेल, आम्हाला त्याचं फारसं कौतुक नव्हतं.

मग तर्री पोहे. त्याशिवाय शर्यत पुरी होत नाही. ठेल्यापाशी गेलो तर पोहे होते, चण्याची तर्री होती, लाल कट तरंगत होता, पण कांदा संपलेला. "सकाळपासून पळणारेच येऊन राहिले भाऊ, दोन किलो गेला," ठेलेवाला म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि खिशात हात घातले. वहिनींचा उतारावर गेलेला, सरांनी सोळाव्या किलोमीटरला एक गाईला दिलेला, राहिले नऊ. गरम झालेले, घामानं ओले, एकाची साल पार गळून पडलेली. डॉक्टर म्हणाले, "आधी धुवा." ठेलेवाल्यानं धुतले, बारीक चिरले आणि अकरा प्लेटांवर मूठ मूठ पेरले. भाऊंचा लहानसा कांदा सगळ्यात तिखट निघाला.

घरी पोहोचले तेव्हा सासूबाई कूलरसमोर पेपर वाचत होत्या. मी मेडल दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, टीपॉयवर ठेवलं.

"अन् कांदे?"

"खाल्ले. पोह्यावर."

"अकराही?"

"नऊ. एक गाईनं खाल्ला. एक पळून गेला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं, कपाळाला हात लावून बघितला, आणि फ्रिजमधलं ताक आणायला उठल्या.